शांताचं उत्तर

हे मी आजवर लिहिलेलं नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलंही नव्हतं. पाचोऱ्यात लोक माझं कौतुक करायचे — 'नाना म्हणजे अक्काचे कान!' बायकोला ऐकू येत नाही, तर नवरा बिचारा सगळं समजावून सांगतो. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

माझ्या बायकोचा, शांताचा, दुपारचा फोन ठरलेला — दोंडाईचाच्या धाकट्या बहिणीला, विमलला. तास-तासभर हसणं. शाळेतून निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा कळलं, त्या हसण्यात निम्मा मीच आहे. माझं घोरणं, भाजीला नावं ठेवणं. पुढे शांताचे कान हळूहळू गेले. फोन बंद पडला. आणि मला — कसं सांगू? — बरं वाटलं.

पाच वर्षांपूर्वी तिला कानाच्या मशीनसाठी जळगावला नेलं. कान तपासून झाल्यावर तिथल्या मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि माझ्याकडे न बघता तिच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "अक्का, तुम्हाला काय ऐकावंसं वाटतं?" असं तिला कधी कुणी विचारलं होतं? मी तरी नाही. ती म्हणाली, "माले मनी बहीणनं हासनं आयकनं शे."

मॅडम कोकणातल्या. आमची बोली त्यांना समजली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीचं हसणं ऐकायचंय — एवढंच तर सांगायचं होतं. मी म्हणालो, "ती म्हणते, मशीन नको. घरात मी आहेच."

बाहेर आल्यावर तिच्या कानाशी ओरडलो, "मशीनचा उपयोग नाही म्हणतात." तिने मान हलवली. एसटीत पाचोऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

यंदा मुलीने तिला परत नेलं. मीही गेलो. नव्या मॅडम धुळ्याच्या. सवयीने मीच उत्तर द्यायला लागलो, तशा म्हणाल्या, "नाना, तुम्ही भायेर बठा. अक्का सांगतीन." बाकावर बसलो. आतून शांताचा आवाज येत होता — किती बोलत होती ती!

मशीन लागल्यावर चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं. हळू आवाजात, आता ओरडावं लागत नव्हतं. तिने सगळं ऐकलं. "पाच वरीस?" एवढंच म्हणाली. मग दोंडाईचाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि माझ्यादेखत विमलला सगळं सांगितलं. पलीकडून विमल म्हणाली, "दाजीले सांग, आते रोज त्यासनावरच हाससूत." रोज माझ्यावरच हसणार म्हणे; त्या दिवशी मात्र दोघींपैकी कुणी हसलं नाही.

छातीवरचं ओझं उतरलं, हे खरं. ते उतरावं असं मी काही केलेलं नाही, हेही खरं.

दुपारचा फोन पुन्हा सुरू झालाय. घोरणं, भाजी — आणि आता एक नवीन. शांता माझा आवाज काढून म्हणते, "घरात मी आहेच!" पलीकडे विमल खो-खो हसते. मी त्याच खोलीत असतो. उठून जात नाही.