तुटायची जागा

“सोन्याच्या तारेत ओवणार नसाल तर राहू दे. ओक ट्री रोडवर सोनारांना काय तोटा आहे?” मोकाशीकाकूंनी डबी बंद केली.

डबीत तृणमण्यांची माळ होती. तृणमणी म्हणजे अँबर. झाडाचा चीक लाखो वर्षं जमिनीत राहून घट्ट होतो, तो. काकूंच्या मुलीचं, नेहाचं लग्न जर्मन वंशाच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाच्या आजीने आपली माळ नेहाला दिली होती आणि नेहाला ते मणी काळ्या पोतीबरोबर मंगळसूत्रात हवे होते.

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत एडिसनजवळ वेर्नरच्या वर्कशॉपमध्ये सेटर होते, म्हणजे खडे बसवायचं काम. वेर्नर जर्मनीच्या समुद्रकाठचा. तिकडे वादळानंतर किनाऱ्यावर अँबर वाहून येतो, तो वेचतच लहानाचा मोठा झाला. रीतसर सोनारकाम शिकला आणि जन्मभर अँबरलाच धरून बसला. हट्टी असा, की अँबरच्या टेबलाजवळ डाग द्यायचा गॅसचा टॉर्च नेलेला त्याला खपत नसे. अँबर आगीत जळतो.

त्याने डबी पुन्हा उघडून भिंगातून मण्यांची भोकं बघितली. कडांना बारीक चिरा होत्या.

“गोल्ड वायर यांना करवतीसारखी कापेल,” तो म्हणाला. “सिल्कमध्ये ओवायचं आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ. मागे मऊ सोन्याची एक कडी, डाग देऊन न जोडलेली, नुसती दाबून मिटवलेली. कुणी ओढलंच तर आधी ती उघडेल.”

काकू माझ्याकडे वळल्या. “अगं, हा तर तुटायची सोय करून देतोय. मंगळसूत्र आहे ते. आपण तो शब्दसुद्धा काढत नाही, ‘वाढलं’ म्हणतो.”

मी नागपूरची, बौद्ध घरातली. शकुन-अपशकुनाशी माझं कधी जमलं नाही. पण लेक परक्या रीतीच्या घरी चालली होती, आणि काकूंची भीती खरी होती. मला त्यांचा राग आला आणि कळवळाही.

“क्लायंट जाईल,” मी वेर्नरला आत नेऊन सांगितलं.

“जाऊ दे. मण्यांचा भुगा करून त्या आजीला काय तोंड दाखवू?”

दोघंही हटेनात. मग मी टाकाऊ अँबरचे मणी घेतले. काही तारेत ओवले, काही वेर्नरच्या पद्धतीने.

“काकू, तुम्हीच ओढा.”

त्यांनी तार ओढली. तार शाबूत राहिली, मण्याची कड ढासळून ट्रेमध्ये पिवळी पूड पडली. मग दुसरी माळ ओढली. कडी उघडली, मणी जागच्या जागी.

शेजारी बसलेली नेहा म्हणाली, “आई, इट्स माय नेकलेस. आय वॉन्ट द सिल्क.”

मंगळसूत्राच्या वाट्यांना डाग मी लांबच्या टेबलावर दिला. गाठी मात्र वेर्नरने सगळ्या स्वतः मारल्या, माझा हात लागू दिला नाही.

लग्नानंतर काकूंचा फोन आला. रिसेप्शनमध्ये नवऱ्याकडचं एक तान्हं नेहाच्या कडेवर बसलं आणि त्याने मंगळसूत्राला हिसका दिला. कडी उघडली. आपल्याकडच्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलाच्या आजीने माळ उचलली, नेहाच्या गळ्यात घातली आणि बोटांनीच कडी दाबून बंद केली.

“मणी?” मी विचारलं.

“सगळे धड आहेत.” मग काकू म्हणाल्या, “माझ्या मंगळसूत्रालाही तशी कडी बसवून देईल का गं तो?”

तेव्हापासून कुणी ‘कधीच तुटणार नाही असं करा’ म्हणालं, की मी विचारते, आणि तुटलंच, तर कुठे तुटलेलं चालेल?