शेवटचा अर्धा तास

खुनाचे जुने सिनेमे मला फार आवडतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं की बाकीच्या बाया माझ्याकडे संशयाने बघतात. त्यात आवडण्यासारखं काय आहे, असं विचारतात. मला तर सगळंच आवडतं. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी मरतं, आणि तो बहुतेक वेळा कुणालाच न आवडणारा माणूस असतो, त्यामुळे रडारड फारशी होत नाही. मग उरलेले सगळे एका बंगल्यात अडकतात, एकमेकांशी गोड गोड बोलतात आणि बिनदिक्कत खोटं बोलतात. आमच्याकडच्या लग्नांत तरी दुसरं काय होतं? फरक एवढाच, की सिनेमात शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून कुणीतरी खरं काय ते सांगून टाकतो.

ही आवड मला बाबांकडून आली. आणि बाबांनी असा सिनेमा आयुष्यात एकच पाहिलेला होता, तोही अर्धवट.

बाबा तेव्हा विशीतले होते. सौंसरहून पांढुर्ण्याला आपल्या मित्राकडे गेले होते. या मित्राला मी जन्मापासून काका म्हणते. दोघं दुपारच्या खेळाला गेले. सिनेमाच्या रिळांची पेटी उशिरा आली, खेळ उशिरा सुरू झाला आणि सौंसरची शेवटची बस होती संध्याकाळी सहाला. खुनी कोण हे कळायला अर्धा तास उरलेला असताना बाबांना उठावं लागलं. काकाही उठले. "तुले सोडून मी एकटा शेवट पाहू काय बे?" असं म्हणून ते बसस्टँडपर्यंत सोडायला आले. दुसऱ्या दिवशी टॉकीजला दुसरा सिनेमा लागला आणि तो शेवट कायमचा राहून गेला.

गोष्ट मला तोंडपाठ आहे. एका शेटजीचा त्याच्याच वाढदिवशी विष देऊन खून होतो. बाहेर पूर आलेला, रस्ते बंद. घरात डॉक्टर, मुनीम, मेहुणा आणि सतत स्वेटर विणणारी म्हातारी आत्या. चौकशीला येतो एक जाडा इन्स्पेक्टर. आल्यापासून त्याला चहा हवा असतो, पण कप ओठाला लावायला जावं की दिवे जातात, नाहीतर कुणी किंचाळतं, नाहीतर कुणाला नेमका तेव्हाच कबुलीजबाब द्यायचा असतो. हे सांगताना बाबा स्वतःच इन्स्पेक्टर व्हायचे आणि हातातली बशी लटपटवायचे. बाबा टॉकीजमधून उठले तोवर त्या बिचाऱ्याला चहा मिळालेला नव्हता.

खून आत्यानं केला, हे बाबांचं मत. डॉक्टरनं केला, हे काकांचं. हा वाद पन्नास वर्षं चालला. आधी पत्रांतून, आणि पुढे दर शनिवारी जामसांवलीला. काका पांढुर्ण्याहून यायचे, आम्ही सौंसरहून. बाबांना मोटारसायकल चालवायची बंदी झाल्यापासून शाळा सुटल्यावर मीच त्यांना गाडीवर नेते. मारुतीचं दर्शन घ्यायचं, बाहेरच्या टपरीवर बसायचं आणि सुरू व्हायचं. चहा आला की काका पहिला कप बाबांपुढे सरकवत आणि हिंदीत त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणत, "लो साहब, आखिर मिल ही गई चाय." बाबा दर वेळी तितकेच हसत.

"आत्याचे हात पाहिले काय तू?" बाबा म्हणत. "विणताना एक टाका चुकत नाही तिचा. खून झाल्यावरच चुकते."

"अबे, म्हातारी बाई आहे ते. टाका चुकनच. विष डॉक्टरजवळ राहते का आत्याजवळ? तू मास्तर असून कसा काय असा बोलून राहिला?"

बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसं कमी होत गेली होती. इस्त्रीचा शर्ट ते फक्त शनिवारी घालत. हे मला दिसत होतं, आणि तरीही मागच्या हिवाळ्यात मी आगाऊपणा केला. तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला. मी तो बघितला नाही, पण टपरीवर बातमी मात्र फोडली.

बाबा कप ठेवून उभेच राहिले. "येत्या रविवारी. माझ्या घरी."

काकांची मात्र कारणं सुरू झाली. पहिल्या रविवारी म्हणे बागेत संत्र्याचा तोडा होता. दुसऱ्या रविवारी गुडघा धरला. तिसऱ्या रविवारी पाहुणे आले. मी स्वतःला मोठी हुशार समजते, म्हणून लगेच निदान केलं की काका हरायला घाबरताहेत. मग मलाच भीती वाटायला लागली. एकदाचा निकाल लागला तर शनिवारी हे दोघं बोलणार कशावर? कुणीतरी एक हरणार, रुसणार, आणि बाबांचा इस्त्रीचा शर्ट कपाटात पडून राहणार. मी बाबांना म्हटलं, "राहू द्या न बाबा."

"पन्नास वर्षं झाले, मी त्या बसमध्येच बसून आहो," बाबा म्हणाले. "आता उतरू दे मले."

चौथ्या रविवारी दुपारी काका आले. मी मोबाइल टीव्हीला जोडला, चिवड्याची ताटली मध्ये ठेवली. सिनेमा खराखुरा मजेदार निघाला. इन्स्पेक्टर चौकशी करता करता स्वयंपाकघराकडे असा काही बघायचा, की मला हसून ठसका लागला. एका जागी बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "इथे उठलो होतो मी," ते हळूच म्हणाले. त्यापुढचं सगळं त्यांनी श्वास रोखून पाहिलं.

खुनी आत्याच होती. त्या चुकलेल्या टाक्यावरूनच तिला पकडलं.

बाबा उडालेच. "म्हटलं होतं न मी! म्हटलं होतं का नाही?" त्यांनी काकांचा खांदा गदागदा हलवला. "मानलं गड्या," काका म्हणाले. आणि मला वाटलं, हे फारच लवकर मानलं.

तेवढ्यात शेवटचा प्रसंग लागला. सगळे गेलेत, इन्स्पेक्टर दमून एकटाच खुर्चीत बसलाय. म्हातारा नोकर येतो, त्याच्यापुढे कप ठेवतो आणि म्हणतो, "लो साहब, आखिर मिल ही गई चाय."

बाबा सावकाश काकांकडे वळले. काका चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. पुरावा दर शनिवारी चहाबरोबर समोर यायचा आणि मी तो पिऊन टाकायचे, याची मला भयंकर लाज वाटली.

"हे तुले कसं माहीत?" बाबांनी विचारलं.

"तुही बस गेली अन् मी परत आलो होतो," काका खाली बघतच म्हणाले. "गेटकीपर वळखीचा होता. शेवटचे दहा मिनटं भेटले."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगणारच होतो. पण तुहं पत्र आलं. चार पानं लिहिले होते तू त्या आत्यावर. त्याच्या आधी तू मले कधी चार ओळी तरी लिहिल्या होत्या काय? मी हो म्हटलं असतं, त विषय खतम. म्हणून लिहून टाकलं, डॉक्टर."

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे पन्नास वर्षं तू हरून राहिला होता?"

"हाव."

"माहीत असून?"

"हाव न."

बाबांनी चष्मा परत लावला. "लेका," ते म्हणाले, "पण डॉक्टरची बाजू मांडली मात्र जबरदस्त तू!" आणि मग दोघं असे हसत सुटले, की काकांच्या हातातली ताटली आडवी झाली. मीही हसले, आणि थोडी रडलेही.

त्याच दिवशी ठराव झाला. दुसरा सिनेमा शोधायचा, मी. शेवटचा अर्धा तास उरला की बंद करायचा, मी. रिमोट पर्समध्ये ठेवून घ्यायचा, तोही मीच. कुठे थांबवायचं हे कळायला मला तो आधी पूर्ण बघावा लागला, त्याला माझा इलाज नव्हता.

आता बाबा म्हणतात खुनी माळी, काका म्हणतात धाकटी सून. दोघांचंही साफ चुकलंय. गेल्या शनिवारी टपरीवर आवाज इतके चढले, की दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शेवटी बाबांनी मला पंच केलं.

"तूच सांग बाई. तुले कोण वाटते?"

मी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "मला वाटतं, वकील."

वकील अजिबात नाही. दोघं एकदम माझ्यावर तुटून पडले, बाबा तर बाकावरून उठलेच. तेवढ्यात चहा आला. काका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पहिला कप उचलला आणि या वेळी तो माझ्यापुढे सरकवला.