लेथवाल्याचे कान

शिरूरच्या त्या लाकूड कातणाऱ्या लेथवाल्याच्या हाताचं लोक फार कौतुक करतात. मी त्याच्या कानांचं करतो. मजुरी कमी कर म्हटलं, की तो लेथ चालू करतो आणि काही ऐकू येत नाही म्हणून हसत मान हलवतो.

वडिलांच्या बैलगाडीच्या जुवाचा तडकलेला तुकडा मी दौंडहून त्याच्याकडे नेला. भेगांत रेझिन भरून त्यानं तो फुलदाणी कातायला लेथवर चढवला.

"सरपण हाय ते, मजुरी बेतानं लाव," मी दरडावलं.

लेथ चालू! तेवढ्यात लाकूड करकरलं आणि मी बोंबललो, "जपून रं! बापाची येवढीच खूण उरलीय. पायजे ती मजुरी घे!"

लेथ लगेच थांबला.

"व्हय शेठ, हे ऐकू आलं."