देवाआधी कुणी हुंगायचं?

कुंजुलक्ष्मी वारस्यारचं नाक गेलंय, ही बातमी गावात कुणालाच नव्हती. मलाही नव्हती, आणि हे मी जरा लाजूनच सांगतो, कारण आमच्या गावात बातमी आधी माझ्याकडे येते आणि मग खरी होते.

पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. उतरला तो वास घेऊनच गेला. धूप नाही, चाफा नाही, तळलेला पापडसुद्धा नाही. तिनं हे नवऱ्यालाही कळू दिलं नाही, कारण आमच्या धन्वंतरीच्या देवळातली मुक्कुडी तिच्या हातची. पाला, सुंठ, मिरी, ओवा वाटून ताकात मंद शिजवायचं, ती मुक्कुडी. देवाला दाखवायची आणि मग पोटाच्या दुखणेकऱ्यांनी ओंजळीत घ्यायची. सासूमागं हे काम तिच्याकडं आलं. तिच्याकडून गेलं तर नणंदेकडं जाणार, अम्मिणीकडं. अम्मिणी रोज सकाळी एक डोळा देवावर आणि एक वहिनीच्या चुलीवर ठेवून प्रदक्षिणा घालायची.

तसं नियमानं या कामाला नाक लागतच नाही. देवाआधी नैवेद्य चाखायचा नाही, हुंगायचाही नाही. पण ताक फुटायला आलं, पाला शिजला, हे नाकच सांगतं. ढवळताना वाफ आपोआप नाकात गेली तर ते हुंगणं नव्हे, असा आमच्या बायकांनी आपसात निकाल लावून घेतलेला. रोजची थोडकी मुक्कुडी कुंजुलक्ष्मी नजरेनं आणि हाताच्या अंदाजानं निभावत होती.

पण नव्या तांदळाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तसं चालत नाही. आदल्या दिवशी नवा भात, पायसम, सगळं गाव नरड्यापर्यंत जेवलेलं, देवही जेवलेला. वैद्यांचा वैद्य तो, पण अजीर्ण त्यालाही होतं, म्हणून त्या दिवशी मोठी उरुळी, काशाचं पसरट भांडं, चुलीवर चढते आणि अर्धा तालुका दारात बसतो. मीही होतो. पायसम मला नाही म्हणता येत नाही.

अम्मिणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठाण मांडून होती. वहिनीला ती एडत्ती म्हणायची.

"एडत्ती, आज गप्पच? ताप तर कधीच उतरला."

"तू बोलतेस ते दोघींना पुरतं."

"नाही, म्हटलं, पूर्वी वाफेवर वाकायचीस. आता लांबूनच ढवळतेस."

कुंजुलक्ष्मीचा हात थांबला. जाळ कमी करायच्या निमित्तानं ती पाठमोरी झाली, लाकडं मागं ओढत बसली. उत्तर शोधत होती. उत्तर सापडेपर्यंत मुक्कुडी तळाला लागली.

वास ओवरीपर्यंत आला. माझ्या शेजारच्या मारारनं, देवळाच्या वादकानं, ढोलावरची बोटं थांबवली. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं खांबाकडं. रांगेतल्या प्रत्येकाला वास आला होता आणि बोलायची सोय कुणालाच नव्हती. 'करपलं' म्हणणारा माणूस देवाआधी नैवेद्य हुंगणारा ठरतो! एवढ्या माणसांत एकालाही नाक नव्हतं त्या घटकेला.

घंटा झाली. तिरुमेनी, आमचे पुजारी, ओलेत्यानं आले. दारातच थबकले. नाकपुड्या हलल्या, मग ते छताची कौलं न्याहाळू लागले.

कुंजुलक्ष्मीनं फडक्यानं उरुळीचे कान धरले, उचलली. वळली, तेव्हा तिला समोर अम्मिणी दिसली, नाकाला पदर लावलेली. तिच्यामागं आम्ही सगळे, तोंडं फिरवलेले. तिला कळलं. आम्हालाही कळलं, की तिला आत्ता कळलं.

चार पावलांवर तिरुमेनी उभे. उरुळी त्यांच्या हाती दिली की संपलं. कुणी काही बोलणार नव्हतं, आजही नाही आणि उद्याही नाही. देव खाणार, मग रांगेतली तान्ही पोरं आणि खंगलेली म्हातारी माणसं पिणार. तिचं काम तिच्याकडं राहणार.

दोन पावलं तिनं टाकलीसुद्धा. मारारनं डोळे मिटून घेतले.

मग तिनं उरुळी खाली ठेवली.

"अम्मिणी, करपलंय का?"

"मी कशाला हुंगू बाई?"

"हुंगू नकोस. नुसतं सांग. मला वास येत नाही. तापापासून येत नाही."

आता अम्मिणीनं किती बोलावं! आयुष्यभर साठवलेलं होतं तिच्याकडं. पण ती एवढंच म्हणाली, "तळाला लागलंय. चांगलंच."

सगळी मुक्कुडी नारळाच्या बुंध्याशी गेली. कुंजुलक्ष्मी म्हणाली, "तिरुमेनी, वेळ टळेल. देवाला थांबवता?"

"थांबेल की," तिरुमेनी म्हणाले. "त्याच्या दारात एवढे लोक थांबतात. एक दिवस त्यानं थांबावं."

दुसरं भांडं चढलं. पाट्यावर कुंजुलक्ष्मी, चुलीशी अम्मिणी, मान अशी वळवून की जणू वाफेशी तिची ओळखच नाही. मधूनच ओरडायची, "आता ताक!" "जाळ ओढ, जाळ!" ऊन कलल्यावर देवाचं झालं आणि आमच्या ओंजळी भरल्या. कुंजुलक्ष्मीनंही घेतली, प्यायली. तिला काहीच लागलं नाही, ते तोंडावर दिसलं.

"कशी झालीय?"

"अमृत, वारस्यार, अमृत!" आम्ही एका सुरात म्हणालो.

"मीठ कमी," अम्मिणी म्हणाली.

कुंजुलक्ष्मीनं ओले हात पदराला पुसले. "मग उद्यापासून मीठ तू घाल. चुलीशीही तूच बस. वाटण मी करीन."

अम्मिणीनं पदर खोचला. मग ती करपलेली उरुळी घासायला बसली.