कुंकवाचे ठिपके

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धुळ्यात मी लहान मुलांच्या फिट्सचा डॉक्टर म्हणून बसायचो, गुरुवारी जळगावला. औषध ठरवायचं तर झटके नेमके किती आले ते कळायला हवं. खेड्यातल्या आया सांगायच्या, "व्हयनात दोन-चार." या दोन-चारचा मला भारी संताप यायचा. घरात पेन नसेल, पण कुंकवाचा करंडा असतोच. म्हणून मी शक्कल काढली: झटका आला की कॅलेंडरच्या त्या दिवसावर कुंकवाचं बोट टेकवायचं. जळगावच्या डॉक्टरमंडळींपुढे मी ही शक्कल मिरवलीही होती.

शिंदखेड्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी यायची. तिच्या आईचा ठिपका कधी चुकला नाही. तक्रार एकच, गोळीनं पोरगी शाळेत झोपते. ठिपके थांबले की गोळी कमी करू, असं मी सांगून ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला मुलीला तिचा काका घेऊन आला. तो वेगळा राहायचा. झटक्यांचं विचारलं तर त्यानं कॅलेंडर पुढे केलं. "वहिनीनी धाडं शे. त्यामा बठ्ठं शे." सगळं त्यातच आहे म्हणे. मधले दोन्ही महिने कोरे करकरीत. मी खूश झालो. घरात वाईट झालंय असं काहीतरी तो सांगू लागला, पण बाहेर रांग होती. "हं हं" करत मी गोळी अर्धी केली, कॅलेंडर केसपेपरला टाचलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पंधरवड्यात मुलीला जीपमधून आणलं. झटका थांबतच नव्हता. थांबवेस्तोवर दुपार झाली. जीव राहिला, पण डोळे उघडल्यावर तिनं आईला ओळखलं नाही.

आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. कपाळ मोकळं. तरी मी मूर्खासारखं विचारलंच, "ताई, ठिपके का नाही लावले?"

"धनी गयात, डॉक्टरसाहेब. आते मी कुकूले हात कसा लावू?"

झटके तिच्या तोंडपाठ होते. दहाव्याला एक, तेराव्याला दोन, मग दर बाजारच्या दिवशी एकेक. मी केसपेपर काढून त्याला टाचलेल्या कॅलेंडरवर पेनानं खुणा करत गेलो. अकरा भरल्या. मला काहीच वाटलं नाही, हात तेवढा चालत होता. त्या न वाटण्याची लाज वाटायलाही पुढे बरेच महिने गेले.

मी पेन खिशाला लावलं. तिनं पदराची गाठ सोडली. आत माझ्या सांगण्यावरून तोडलेल्या गोळ्यांचे उरलेले अर्धे तुकडे होते, एकही न टाकलेला.

"ह्या मी ठेयेल शेतस," ती म्हणाली. "आते देऊ का?"