आईला दात कशासाठी हवे होते

गेल्या महिन्यात मी नि दादा आईला घेऊन भिवंडीत दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो... आणि दोघंही चांगलेच तोंडघशी पडलो.

त्याआधी आई वळ गावातल्या आमच्या घरी अंगणात घसरून पडली होती. बाकी काही नाही, पण वरचे पुढचे तीन दात गेले.

आई आमच्याकडची धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला जी धवले नावाची गाणी म्हणतात, ती म्हणणारी. दात गेल्यापासून बोलावणं आलं की ती "बरं न्हाय वाटत" सांगून टाळायची. आम्हाला वाटलं, पडल्याची भीती बसली असेल.

क्लिनिकमध्ये डॉक्टर मॅडमनी तीन पर्याय सांगितले. काढता-घालता येणारी कवळी लवकर होईल. ब्रिज पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतील. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू... शेजारच्या दातांना धक्का नाही, पण सगळं पूर्ण व्हायला काही महिने, आणि आईची शुगर आधी आटोक्यात हवी.

दादा ब्रिजवर अडला, मी इम्प्लांटवर अडले. मोबाईलवर व्हिडिओ बघून दोघंही अर्धे डॉक्टर झालो होतो! आई मधल्या खुर्चीत, तिला कुणी विचारलंच नाही.

शेवटी मॅडमनी आम्हाला हातानेच थांबवलं. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्हाला दात कशासाठी हवेत?"

"जेवाचं काय, जेवतंय मी," आई म्हणाली. "मना धवलं गावाचं हाय. वारा सुटतंय तोंडातून, शब्दच फुटत न्हाय. दिघाशीला भाचीच्या पोरीची हळद हाय..."

इतके दिवस एका घरात... आणि आम्हाला पत्ताच नाही.

मग निर्णय सोपा झाला. चांगले दात घासायला आईने साफ नकार दिला. इम्प्लांट लग्नाआधी होणं शक्यच नव्हतं. आत्ता कवळी, आणि शुगर नीट झाली की पुढचं बघू, असं ठरलं.

कवळी बसली त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता गाऊन दाखवा." आईने सूर लावला आणि प्रत्येक 'स' ला शिट्टी! बाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसले, आई सगळ्यात जास्त. मॅडमनी टाळूकडची प्लेट थोडी घासली, परत गायला लावलं, परत घासली... घरी मग भाकऱ्या थापताना आईची प्रॅक्टिस सुरू.

दिघाशीच्या हळदीला पहिल्या ओळीला आवाज जरा कापला. दुसरी मोकळी आली. तिसऱ्या ओळीला नवरीच्या आजीने आईचा हात धरला आणि मांडवातल्या बायका एकेक करून तिच्यामागे म्हणू लागल्या.

मला धवले येत नाहीत असंच मी आजवर समजत होते. पण आईच्या मागे बसून मीही सूर ओढत गेले, आणि शब्द येत गेले... कधी कानात साठले होते कोण जाणे. ते अजून तिच्या तोंडून ऐकायला मिळतायत, याचं आज फार समाधान आहे.