नळी धरणारी तुळशीबाई

नवरा गेल्यावर तुळशीबाई शहाद्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात चादरी धुवायला लागली, ती एकोणपन्नास साली. अक्षरओळख नाही, पण डोकं तल्लख. डॉक्टर गिरधरभाईंनी ते हेरलं आणि तिला एक काम शिकवलं. जखम चिघळून तापात बरळणाऱ्या रोग्याचं थोडं रक्त ते काचेच्या नळीत काढायचे. ती नळी तुळशीबाईनं मुठीत धरायची, अंगाची ऊब द्यायची आणि मधूनमधून कलती करून बघायची. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा दोन आकडे सरकेपर्यंत रक्त दह्यासारखं थिजलं, तर ठीक. चौथा आकडा गेला तरी पाण्यासारखं हलत राहिलं, तर विष रक्तात भिनलं म्हणायचं. अशा माणसाला सुरी लावायची नाही. लावली तर रक्त थांबत नाही.

नऊ वर्षांत तिचा शब्द एकदाही चुकला नाही. त्याचं कौतुक कुणाला? रोगी तिला बघून तोंड फिरवायचे.

"उनी रे, यमनी मावशी उनी!" ती आली की यमाचं नाव घेत एक म्हातारा खाटेवरून ओरडायचा.

"तुन्हाकरता जागा धरी ठेवस, बाबा," म्हणत ती त्याच्याखालची चादर ओढून न्यायची.

अठ्ठावन्नच्या माघात तिची एकुलती एक लेक जसोदा बैलगाडीतून तिथेच आली. कळसाडीला शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट पायात घुसला होता. सासरच्यांनी हळद-तेल बांधलं, आणि जसोदा त्याच पायानं आठ दिवस कापूस वेचत राहिली. आता पाय गुडघ्यापर्यंत काळा पडलेला. अंगावर जांभळे डाग, हिरड्या रक्ताळलेल्या. इंजेक्शनची सुई काढली तिथून रक्त पाझरतंच आहे.

तुळशीबाई वाकली. जसोदानं तिच्याकडे टक लावून बघितलं.

"हाई बाई कोन शे? इले भाईर काढा!"

आणि पुन्हा चादरीवरून बोटांनी काहीतरी चिमटून ओटीत टाकायला लागली. एकेक, भराभर. जावई सुपडूचा चेहरा उजळला.

"माय, देखा ना, कापूस येची ऱ्हायनी! हात चाली ऱ्हायना. बरी व्हई ना आते?"

तुळशीबाईनं असली बोटं याआधी पाहिली होती. चादर चिमटणारा एकही रोगी आपल्या पायांनी घरी गेलेला नव्हता.  

"गुडघ्याच्या वर कापला तर थोडी आशा आहे," डॉक्टर म्हणाले. "पण रक्त थिजत असेल तरच. नळी दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"कोनले देशात, सायेब? आना."

डॉक्टरांनी रक्त काढून नळी तिच्या हातात दिली आणि ते आत कापायच्या तयारीला लागले. तुळशीबाई घड्याळाखाली उभी राहिली. काटा एक आकडा सरकला. दोन. नळी कलती केली, तर रक्त हललं. तिसरा. हललं. चौथा आकडाही गेला.

सकाळपासून ती हौदावर चादरी धूत होती. हात बर्फासारखे होते. हात गार असला की थिजायला वेळ लागतो, हे डॉक्टरच सांगायचे. म्हणजे हा दोष हातांचा असेल. असेलच! तिनं नळी काखेत दाबली, पुन्हा काढली. तळाशी काहीतरी घट्ट दिसतंय असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे काय, तिला वाटायलाच हवं होतं. नाही म्हटलं तर लेक अशीच चादर चिमटत मरणार होती.

"काय गं तुळशीबाई, थिजलं का?" आतून डॉक्टरांचा आवाज.

"थिजनं, सायेब."

तिनं नळी लगेच धुऊन टाकली.

पाय कापला. टाक्याटाक्यातून रक्त येत राहिलं. पट्टीवर पट्टी बांधली, तीही भिजत राहिली. उन्हं उतरायच्या आत जसोदा गेली. शेवटपर्यंत तिनं आईला ओळखलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी नळी मागितली नाही.

"सायेब, थिजनं नव्हतं," तुळशीबाई स्वतःहूनच म्हणाली.

"कळलं मला टेबलावरच." ते खुर्चीत बसले. "न कापता उद्यापर्यंत असती. फार तर परवा. निदान अख्खी गेली असती."

सुपडू दारात उभा होता. त्यानं हे ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यानं सासूचे पाय धरले. "माय, तुम्ही भलती धडपड करी," म्हणाला. तुळशीबाईला वाटलं, हा आता आपल्याला मारेल तर बरं. मग त्यानं मान वर केली. "तिना पाय कोठे शे? चितावर संगे पाहिजे ना?"

पाय झाडूवाल्यानं मागे लिंबाखाली पुरला होता. दुसऱ्या कुणाला सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं फावडं घेतलं, स्वतःच्या हातानं माती उकरली, पाय हौदावर धुतला आणि सकाळीच वाळलेल्या चादरीत गुंडाळला.

गाडीत लेकीच्या शेजारी बसून ते गाठोडं मांडीवर धरून ती कळसाडीला गेली. वाटेत सुपडूनं दोनदा विचारलं, "जड व्हस का, माय? आना मन्हाकडे."

तिनं दिलं नाही.